कुंपणालगतचा रस्ता

रविवारी सकाळी आम्ही विमानवेडे मोटारसायकली घेऊन धावपट्टीच्या कुंपणाबाहेर जमतो. माझी मावशी निघण्याआधी वैमानिकासारखी गाडीभोवती फेरी मारते. टायर, साखळी, ब्रेक हाताने तपासते. तरुणपणी ती विमान चालवायला शिकायला गेली, तेव्हा फ्लाइंग क्लबच्या साहेबांनी तिला बाई म्हणून हसून परत पाठवलं होतं. तेव्हापासून ती मोटारसायकल चालवते.

आज तेच साहेब, आता म्हातारे, टपरीवर चहा पीत बसले होते.

"अहो बाई, या वयात पडाल!"

"तुम्ही बघायला बसलाय ना? मग नाही पडत."

आत धावपट्टीवर शिकाऊ वैमानिकाचं विमान धावू लागलं, तशी मावशी कुंपणाबाहेरून त्याच्या बरोबरीने सुटली. माफ करून टाकावं, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. अन्याय करणारा निवांत चहा पितो आणि मन मोठं करायचं ते आपण! काही राग तेलपाणी करून चालू ठेवावे लागतात.

विमान उडालं. रस्ता संपला तिथे मावशी थांबली, ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. मग वळून थेट साहेबांच्या बाकासमोर आली. ते उठून, हात जोडून काहीतरी बोलू लागले. बहुधा माफीच मागत असावेत.

मावशीने अॅक्सिलरेटर पिळला. एकही शब्द ऐकू आला नाही.