खालच्या पिझ्झावाल्याचं गाणं

अमेरिकेत ॲन आर्बरला पीएचडी करत होते तेव्हा माझ्या खोलीखाली पिझ्झाचं दुकान होतं. तिथे एक इटालियन गाणं सतत वाजायचं. तेव्हाच ते जुनं झालं होतं, तरी रेडिओवरून हटत नव्हतं. अर्थ कळत नसूनही मला ते पाठ झालं.

शास्त्रीय गाणं मी सांगलीला रीतसर शिकले होते. म्हणून तिथल्या मराठी मंडळाने संक्रांतीला नाट्यगीत गायला बोलावलं. पेटीवाले काका बर्फात अडकले, तरी मी तशीच गायले. पहिल्या आलापालाच मुलं हॉलबाहेर पळाली. मोठी माणसं चिवड्याबद्दल बोलू लागली. वैतागून मी ते इटालियन गाणं सुरू केलं. मुलं धावत परत आली आणि कोरस धरून नाचायला लागली.

एक काकू म्हणाल्या, "अगं, एवढं छान गातेस, मग ते आधीचं कशाला गायलीस?"

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात फर्माईश ठरलेली. एका बारशालासुद्धा पाळण्याऐवजी तेच गायले.

लॅबमध्ये माझ्या शेजारी मिलानची एक मुलगी काम करायची. तिला बरं वाटेल म्हणून पुढच्या संक्रांतीला मी तिला घेऊन गेले. मी गायला लागताच तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, घरची आठवण आली असेल. मध्येच थांबून मी विचारलं, "काय झालं?"

"मावशीच्या लग्नात हेच. शाळेच्या सहलीत हेच. इकडे येताना विमानातही हेच," ती म्हणाली. "समुद्र ओलांडून आले, तर इथेही हेच! आणि तू त्यात 'प्रेम'च्या जागी कसला भलताच शब्द घातलायस!"

तो शब्द सुधारायला म्हणून ती स्टेजवर आली. मग दुसरा सुधारला. शेवटी डोळे मिटून तिने अख्खं गाणं खणखणीत आवाजात म्हटलं.

"आवडत नाही ना तुला?" मी हळूच विचारलं.

"अजिबात नाही," ती घाम पुसत म्हणाली, "पण येतं ना! काय करू?"

तेवढ्यात वन्स मोअर आला आणि ती लगेच सुरू झाली.

पुढच्या गणपतीला मंडळाचा फोन तिला गेला. मला प्रसादाच्या टेबलावर उभं केलं. तिथून ऐकताना पहिल्यांदाच मला ते गाणं खरोखर आवडलं.