वर आलेलं दूध

"ढेकर आला की झालं," असं म्हणत ती बाळाला खांद्यावर घेई आणि पाठीवरून हात फिरवत अंगणात उभी राही. बाळ ढेकर देई, त्यासोबत घोटभर दूध तिच्या पातळावर सोडी आणि खुदकन हसे. तीही हसे. ग्वाल्हेरला कंपू नावाच्या वस्तीत तिचं नि माझं घर भिंतीला भिंत लागून होतं. त्या दिवसांत कोरड्या खांद्याची ती मला कधी दिसलीच नाही. अशा आया तुम्हीही पाहिल्या असतील.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला मुलगा. बाळसं छान होतं. वैद्य म्हणाले, "अंग धरतोय, मग काळजी कसली? थोडं थोडं पाजा, पाजल्यावर उभं धरा. बसायला लागला की आपोआप थांबेल."

सासूबाईंना ते पटलं नाही. "हिचं दूधच नासकं. माझ्या नातवाच्या पोटात ठरत नाही." नवरा दरबारच्या कचेरीत मोठ्या हुद्द्यावर, पण आईपुढे त्याची मान वर होत नसे. दाल बाजाराकडून अंगावर पाजणारी दाई आणली. पाळणा सासूबाईंच्या खोलीत गेला.

बाळ दाईच्या अंगावरही दूध टाकी. दाई म्हणे, "माँजी, बच्चे तो दूध डालते ही हैं." त्यावर सासूबाई म्हणत, "हिचंच जुनं दूध आहे आत. ते निघतंय."

मी हे तिला हसत हसत सांगितलं. ती म्हणाली, "हसू नकोस गं. त्याचं रडू ऐकू आलं की पान्हा फुटतो. मोरीत पिळून टाकते." तिची छाती फडक्याने करकचून बांधलेली होती. पुढे दूध आटलं.

मूल बसू लागलं, ओकणं थांबलं. सासूबाईंनी देवीची ओटी भरली आणि गल्लीभर सांगितलं, "वेळीच हिच्यापासून तोडला, म्हणून वाचला." मुलगा त्यांनाच आई म्हणू लागला.

त्याच्या मुंजीत मातृभोजनाला ती नवं पातळ नेसून पाटावर बसली. पहिला घास त्याच्या तोंडाशी नेला. त्यानं तोंड फिरवलं.

"तुझ्या हातचा नको. आईच्या हातचा हवा."

बायका हसल्या. सासूबाई म्हणाल्या, "लेकरू आहे. ऊठ तू, मनाला लावून घेऊ नकोस."

तिनं तो घास ताटात परत ठेवला आणि उठली. सासूबाई पाटावर बसल्या.

थोड्या वेळाने पाहिलं, तर ती तुपाचं भांडं घेऊन पंगतीत वाढत होती. मुलाच्या पानापाशी येऊन वाकली. त्यानं वर न बघताच पानावर हात आडवा धरला.