सोवळ्यातला सर्व्हर

काशीत मरायला आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आमच्या साडूभाऊंइतका हताश माणूस त्यांच्यातही पाहिला नाही. मरायला आलेल्या माणसाला निदान पुढच्या सोयीची आशा असते. साडूभाऊंना तीही नव्हती. माझी बँकेतली बदली नागपूरहून बनारसला झाली तेव्हा मला उतरवून घ्यायला स्टेशनवर तेच आले होते. माझी ट्रंक रिक्षात चढवता चढवता त्यांनी सांगून टाकलं की इथलं पाणी मला बाधणार, घरमालक भांडखोर निघणार आणि लवकर परत नागपूर मिळेल या भ्रमात मी राहू नये. तिन्ही गोष्टी खऱ्या झाल्या, याचा मला त्यांच्यावर आजही राग आहे. रामनगरला जायला नावेत पाय ठेवण्याआधी ते मल्लाहाला विचारायचे, "भइया, पिछली बार नाव कब डूबी थी?" तो बिचारा "कभी नहीं डूबी, मास्साब" म्हणाला की ह्यांचा चेहरा उतरायचा. "ऐकलंत? म्हणजे आता बारी आली," असं माझ्या कानात पुटपुटत ते नावेच्या काठाला घट्ट धरून बसायचे. लग्नात अक्षता टाकताना ह्यांची नजर वधूवरांकडे नसायची, डोक्यावरच्या पंख्याच्या कडीकडे असायची. मेव्हणीने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, दूध तापायला ठेवलं की हे शेगडीपाशी येऊन उभे राहत. दूध नासेल तेव्हा आपण हजर असावं, एवढाच हेतू. दूध काही नासत नसे, पण ह्यांच्याशी वाद घालण्यात मेव्हणीचं लक्ष उडे आणि ते उतू जाई. मग साडूभाऊ समाधानाने म्हणत, "चौपट!" सत्यानाश झाला म्हणायला तिकडे वापरतात तो हा हिंदी शब्द त्यांचा आवडता होता.

बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीत एक छोटीशी शाळा होती, तिथे साडूभाऊ गणित शिकवत. त्या भागात आपली मंडळी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. साडूभाऊंचं घराणंही वैदिकांचं, त्यामुळे घरात सोवळं कडक. शाळेत मात्र मराठी मुलं थोडीच. बाकी सगळी मल्लाहांची, विणकरांची, गल्लीतल्या दुकानदारांची. नव्वदच्या दशकात गावोगाव कॉम्प्युटरचं वेड पसरलं होतं. त्यातच कुठला तरी खाजगी क्लास बंद पडला आणि तिथलं सामान देणगी म्हणून ह्या शाळेत येऊन पडलं. गणिताचे मास्तर म्हणून ते साडूभाऊंच्या गळ्यात आलं. ते महिनाभर शहरातल्या लहुराबीर भागात जाऊन ती विद्या शिकले, आणि "हे चालणार नाही, साडूभाऊ, लिहून ठेवा" असं मला रोज बजावत त्यांनी ते सगळं चालू करून दाखवलं.

त्या सामानात एक मोठा सर्व्हर होता आणि बाकीचे सगळे नोड. नोड म्हणजे नुसता पडदा, कीबोर्ड आणि पत्र्याची एक हलकी पेटी. पेटीत हार्ड डिस्क नाही, फ्लॉपी घालायला तोंड नाही. बटण दाबलं की त्याने तारेतून सर्व्हरकडे जायचं, जे हवं ते मागून आणायचं, आणि काम झालं की परत तिथेच ठेवून यायचं. साडूभाऊंना ही व्यवस्था बेहद्द आवडली. "एक चूल आणि सगळ्यांना पान," ते म्हणाले. "कोणाच्या पोटात जास्त नाही, कोणाच्या कमी नाही. मल्लाहाची पोर बसो की शाळेच्या सेक्रेटरीचा नातू बसो, वाढणार तेच." शाळेच्या अख्ख्या एका वर्गाला त्या नोडांवर प्रत्येकी जागा मिळत होती. आपल्या मुलांपैकी एकालाही दुसऱ्याच्या खांद्यावरून बघावं लागत नाही, हे मला सांगताना त्यांचा आवाज जरासा आनंदी झाला होता. तो त्यांनी लगेच खाकरून नीट केला.

सर्व्हर त्यांनी आतल्या लहान खोलीत ठेवला आणि त्याला चक्क सोवळ्यात घेतला. खोलीत चपला नाहीत, हात धुतल्याशिवाय शिवायचं नाही. फ्लॉपीतून रोग येतो हे लहुराबीरला शिकले होते, म्हणून सर्व्हरच्या फ्लॉपीच्या तोंडावर त्यांनी चिकटपट्टी मारली आणि वर कुंकवाचं बोट लावलं. मी हसलो. ते म्हणाले, "हसा. जगात एवढी एकच गोष्ट शुद्ध राहिली आहे, तिच्यावरही हसा."

मग सेक्रेटरीसाहेब दोन पूर्ण कॉम्प्युटर घेऊन आले. त्यांना रंगीत पडदा, स्वतःची हार्ड डिस्क आणि दोन-दोन फ्लॉपींची तोंडं. ते त्याच खोलीत, त्याच तारेवर जोडायचे असा हुकूम झाला. त्या संध्याकाळी साडूभाऊ माझ्या घरी आले. म्हणाले, "एका पंगतीत सोवळं-ओवळं, साडूभाऊ. चौपट." दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीत खडूने एक जाड रेघ ओढली. रेघेच्या अलीकडे नोड, पलीकडे ते दोन रंगीत. पलीकडे हात लावलेल्याने त्या तासात अलीकडे यायचं नाही. हाताने रोग पसरत नाही हे ह्या गणिताच्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. मी तसं म्हणालोही. "ठाऊक आहे हो," ते म्हणाले, "पण सवय चांगली."

झालं ते त्यांनी सांगितल्याप्रमाणेच झालं. कोणी तरी खेळाची फ्लॉपी आणली, तिच्यातून रोग आला आणि एका रंगीत पडद्यावरची अक्षरं पिकल्या पानांसारखी एकेक करून खाली गळू लागली. साडूभाऊ त्या आठवड्यात इतके प्रसन्न होते की मेव्हणीने मला विचारलं, ह्यांना बढती मिळाली का. पण मुलांचा जीव त्या रंगीत मशिनींवरच. सर्व्हर जरा दमला की सगळे नोड एकदम काळे पडत, आणि रेघेच्या पलीकडे मात्र पडद्यावरचा रंगीत पोपट आरामात उडत राही. पोरं नोडांना "गूंगे", म्हणजे मुके, म्हणायला लागली. त्यातच सेक्रेटरीसाहेबांनी सांगून टाकलं की दिवाळीच्या सुट्टीआधी मंडळाचे विश्वस्त बघायला येतील. त्या दिवशी नोड नीट चालले तर ठीक, नाही तर ते भंगारात जातील आणि फक्त रंगीत दोन राहतील. "दोन मशिनी आणि सबंध वर्ग," साडूभाऊ मला म्हणाले. "कोण बसेल सांगू? ज्याला कोपर मारता येतं तो बसेल. माझ्या वर्गात एक मल्लाहाची पोर आहे, तिला कोपर मारता येत नाही हो."  हा माणूस खरोखर घाबरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मी बँकेतला माणूस. मी म्हणालो, आमच्याकडे रोज संध्याकाळी सगळ्याची एक नक्कल उतरवून वेगळी ठेवतात, तुम्हीही ठेवा. "कशावर?" "फ्लॉपीवर." नैवेद्यात कांदा घाला असं सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, बरं, मग तारेवरून त्या रंगीत मशिनीत तरी उतरवून ठेवा, डिस्क रिकामीच आहे तिची. "तिच्यात?" एवढंच म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि निघून गेले.

विश्वस्तांच्या दिवशी साडूभाऊंनी सगळ्या संकटांचा बंदोबस्त केला होता. बिजली जाईल म्हणून जनरेटर आणून ठेवला होता. माकडं गच्चीवरची तार ओढतील म्हणून वर एक माणूस काठी घेऊन बसवला होता. पण बिजली गेली नाही, माकडं फिरकली नाहीत. मुलं नोडांसमोर ओळीने बसली. विश्वस्त आत आले, आणि आतल्या खोलीतून सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. सगळे नोड एकदम काळे पडले आणि प्रत्येकावर तीच एक ओळ उमटली, की सर्व्हर सापडत नाही. रेघेच्या पलीकडे पोपट उडत होता. साडूभाऊंनी आयुष्यात प्रत्येक गोष्टीवर शंका घेतली, फक्त त्या सर्व्हरवर कधी घेतली नव्हती.

मिस्त्रीने येऊन पेटी उघडली आणि हार्ड डिस्क गेली म्हणून सांगितलं. "बैकअप तो होगा न, मास्साब? उसी से फिर चढ़ा देंगे." साडूभाऊंनी त्याला मराठीत उत्तर दिलं. "सोवळ्यात होता हो तो," ते म्हणाले. मिस्त्रीला काही कळलं नाही. त्याने पेटी बंद केली. आठवड्याच्या आत भंगारवाला येऊन सगळं घेऊन गेला.

त्यानंतर साडूभाऊ गप्प झाले. मी वाट बघत होतो की येतील, चौपट म्हणतील, माझं डोकं खातील. ते आलेच नाहीत. एकदा मेव्हणीच डोळ्यांत पाणी आणून माझ्या बायकोला म्हणाली, "अगं, हल्ली हे दूध बघायला येत नाहीत." मला नावेची आठवण झाली, पंख्याच्या कडीची झाली. ह्या माणसाला प्रत्येक गोष्ट टिकावी असं इतकं मनापासून वाटत होतं, म्हणूनच तो तिच्या मोडण्याची एवढी काळजी वाहत होता, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं. मला भयंकर वाईट वाटलं आणि एका शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक सुटल्यावर मी शाळेत गेलो.

खडूची रेघ पुसलेली होती. दोन्ही रंगीत मशिनींसमोर एकेक मूल बसलं होतं. बाकीचा सगळा वर्ग जमिनीवर सतरंजीवर ओळीने मांडी घालून बसला होता आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक कीबोर्ड होता. कीबोर्ड भंगारवाल्याने नको म्हणून टाकून दिले होते. त्यांच्या तारांची टोकं सतरंजीवर नुसती पडली होती. साडूभाऊ वाढप्यासारखे ओळीतून हळूहळू फिरत होते आणि एकेक शब्द मोठ्याने सांगत होते. सगळी बोटं एकदम चालत. मग मशिनीवरचं मूल आपल्या पडद्यावर काय उमटलं ते वाचून दाखवी, आणि उठून सतरंजीवर येई. त्याच्या जागी पुढचं जाई.

मी दारातच उभा राहिलो. ओळीच्या शेवटी ती मल्लाहाची मुलगी बसली होती. तिने टाइप केलं, हात वर केला आणि विचारलं, "मास्साब, हमारा सही आया?"

साडूभाऊ तिच्यापाशी गेले, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि तिच्या मांडीवरच्या त्या कीबोर्डाकडे, तिच्या समोरच्या मोकळ्या हवेकडे नीट बघितलं. "आया, बेटा," ते म्हणाले. "एकदम सही आया."

एखादी गोष्ट बरोबर झाली असं साडूभाऊंच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ऐकून मला चौपट म्हणावंसं वाटलं. मी चपला हातात घेऊन, आवाज न करता गल्लीत उतरलो.