तो प्रकार

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तक्रारींच्या टेबलावर कुमुदताईंनी एकतीस वर्षं काढली. अख्ख्या पनवेलचा राग त्यांनी निमूट ऐकून घेतला आणि रजिस्टरमध्ये उतरवला. निवृत्त झाल्यावर मात्र स्वतःचा राग गिळायचं त्यांनी सोडून दिलं. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी त्या दिसल्या की वाट बदलायचा. अशा बाईने एकाच गोष्टीबद्दल तीन वर्षं तोंडाला कुलूप लावलं होतं. घरात त्या गोष्टीला नुसतं ‘तो प्रकार’ म्हणायचे.

तीन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान कृष्णकांत यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. पूर्ण भूल दिली होती. शुद्धीवर आले ते भलतेच कुणी होऊन. चार दिवस बायकोला ओळखेनात, सलाइन उपटून टाकलं, आणि जन्मात कधी तोंडात न आलेल्या शिव्या तिला वॉर्डभर ऐकवल्या. पाचव्या दिवशी शांत झाले, पण त्यांना त्यातलं काहीच आठवेना. वयाने होतं असं, म्हणत तिथल्या डॉक्टरांनी हात झटकले. भेटायला येणाऱ्यांना, आणि खुद्द त्यांनाही, कुमुदताई सांगत, जरा अशक्तपणा आलाय.

आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कृष्णकांतांच्या पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं. आदल्या सकाळी भूलतज्ज्ञ डॉक्टर मिताली फॉर्म घेऊन खाटेपाशी आल्या. पूर्वी भुलेचा काही त्रास झाला होता का, त्यांनी विचारलं. मोबाइलमधून मान वर न करता मुलगा, शार्दूल, नाही म्हणाला.

कुमुदताईंच्या मस्तकात तिडीक गेली. मुलाची चीड आली, त्या जुन्या डॉक्टरची आली, आणि सगळ्यात जास्त स्वतःची. ते ‘नाही’ त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

“खोटं आहे ते,” त्या म्हणाल्या. “चार दिवस ह्यांनी मला ओळखलं नाही. माझी बायको कुठाय, असं मलाच विचारत होते, आणि घाणेरड्या शिव्या देत होते. लिहून घ्या.”

आई, हळू, असं शार्दूल पुटपुटला, तर त्यांनी त्यालाही झापलं. मग डॉक्टरांना धारेवर धरलं. त्रास म्हणजे काय, उलट्या, की माणूसच हरवणं? नीट विचारायला काय होतं?

मिताली स्टूल ओढून बसल्या. झोप गॅसवर टिकवता येते, नाहीतर शिरेतून औषध सोडून. वयस्कर माणसांत शिरेतल्या औषधाने भ्रम कमी होतो, असं काही अभ्यास सांगतात; काहींना फरकच दिसत नाही. मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, त्या म्हणाल्या. मग एवढं शिकून उपयोग काय, असं कुमुदताईंनी तोंडावर विचारलं. मिताली रागावल्या नाहीत. शिरेतूनच देऊ, कपाळाला मेंदूच्या लहरी टिपणारी पट्टी लावून झोप किती गाढ आहे ते बघत, लागेल तेवढंच. आधी झोपेची गोळी नाही. आणि जाग आल्याबरोबर चष्मा, कानातलं ऐकायचं यंत्र आणि तुम्ही.

ते यंत्र आत्ताही कृष्णकांतांच्या कानात होतं, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. ते छताकडे बघत पडून होते.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट पार पडलं. त्यांनी डोळे उघडले तेव्हा कुमुदताईंनी चष्मा चढवला, यंत्र बसवलं. ह्या कोण, मितालींनी विचारलं.

“कुमुद,” ते स्पष्ट म्हणाले.

कुमुदताईंना रडू फुटलं. तेवढ्यात ते पुढे म्हणाले, “तीन वर्षं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मला सांगितलं नाहीस.”

आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते पूर्ण शुद्धीवर होते, आणि रागावले होते.