दशरथला सांगितलेली लेन्स

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, पण तुम्ही फार समजूतदार आहात असं वाटलं म्हणून नव्हे. तुम्ही मला ओळखत नाही, उद्या महाद्वार रोडवर समोरासमोर आलो तरी मला मान वळवावी लागणार नाही, एवढंच कारण आहे. मित्र म्हणा हवं तर. पण मित्रांनाही मी हे कधी सांगितलेलं नाही, तेव्हा त्या शब्दावर फार विसंबू नका.

मंगळवार पेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो — पोटापुरतं चालतं. आणि दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी गळ्यात कोरा कॅमेरा अडकवून दारात उभं राहतं. अण्णा, क्रॉप सेन्सर आहे, एकच लेन्स घ्यायची झाली तर कुठली घेऊ? रोज वापरता येईल अशी. घरात चालेल, देवळात चालेल, रंकाळ्यावर चालेल. हा प्रश्न कानावर आला की माझं डोकं फिरतं. गिऱ्हाइकांना वाटतं, अण्णा वयामुळं चिडका झालाय. वाटू दे.

उत्तर मला झोपेतून उठवून विचारलं तरी देता येईल. सतरा-पन्नासची झूम घे. अंधाऱ्या खोलीतही बऱ्यापैकी उजेड घेते, दहा माणसांचा घोळका मावतो आणि एकट्याचा चेहराही नीट येतो. ती जमत नसेल तर कॅमेऱ्याबरोबर आलेली अठरा-पंचावन्नची किट लेन्स आहे, तीच वापर — लोक तिला उगीच नाकं मुरडतात. फक्त नुसती पन्नासची, झूम नसलेली, घेऊन बसू नकोस. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, तो चित्राच्या कडा कापतो, पन्नासची त्याच्यावर ऐंशीसारखी वागते, म्हणजे सगळं जवळ ओढते. चेहरा देखणा येईल, पण लहान खोलीत दोन माणसं एका फोटोत बसवताना घाम फुटेल. झालं. पाच-सहा वाक्यांचं उत्तर आहे.

मग चिडायचं कशाला?

थांबा जरा. सरळ सांगता येत नाही. आधी दशरथ कोण ते सांगतो.

दशरथ उचगावचा. तिथल्याच एका फौंड्रीत कामाला. सुट्टीच्या दिवशी माझ्याबरोबर लग्नांत दुसरा कॅमेरा धरायचा. तिशी ओलांडलेला, बायको-पोरांचा माणूस, पण माझ्यासमोर आला की वर्गात उशिरा पोचल्यासारखा उभा राहायचा. मला ते आवडायचं. मी त्याला शिकवत होतो, निदान सगळ्यांना तसं सांगत तरी होतो. खरं तर त्याला शिकवण्यासारखं फार काही उरलं नव्हतं, आणि हे मला एकट्यालाच कळलं होतं, त्याला नाही. मी माणसांना उभं करायचो — खांदे सरळ, हनुवटी वर, हसा. दशरथ कुणाला काही सांगायचाच नाही. कोपऱ्यात उभा राहायचा आणि माणसं त्याला विसरून जायची.

एका लग्नाचा अल्बम निवडायला त्या घरची मंडळी स्टुडिओत आली होती. मुलीची मावशी, मोठ्या आवाजाची बाई, फोटोंवर बोट ठेवत गेली — हा घ्या, हा घ्या, हा घ्या. सगळे दशरथचे. शेवटी माझ्याकडं बघून म्हणाली, “अण्णा, तुमचं फोटो चांगलंच हाईत, पर ह्येच्या फोटोत आमी आमीच दिसतोय की.”

दशरथ लाजून खाली बघत होता. मी हसलो. त्या बाईला चहा पाजला. आणि त्या क्षणापासून मला हा माणूस सहन होईना. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा वाक्यानं? हो, एवढ्याशा वाक्यानं. चोवीस वर्षं मी हा धंदा करत होतो आणि माझ्या फोटोत माणसं ती स्वतः दिसत नाहीत, हे मला माझ्याच स्टुडिओत, माझ्याच चहावर ऐकावं लागलं. ती बाई खरं बोलली होती. त्याचाच राग.

पुढं महिनाभरात दशरथनं स्वतःचा कॅमेरा घेतला. क्रॉप सेन्सरचा, किट लेन्ससकट. तो घेऊन आधी माझ्याकडं आला. नारळ फोडला, माझ्या पाया पडला. मला अजून तो वास आठवतो — नव्या खोक्याचा आणि त्याच्या अंगाला कायमचा चिकटलेल्या फौंड्रीच्या काजळीचा. मग त्यानं विचारलं.

“अण्णा, किटबरोबर आणि एकच लेन्स घ्याची म्हटली तर कुठली घिऊ? घरातलं बी निघालं पायजे, मांडवातलं बी निघालं पायजे. परत धा वर्सं बघायला लागू नये. तुमी म्हणशिला ती घेतो.”

तुमी म्हणशिला ती. एवढा विश्वास कुणी माझ्यावर त्याआधी टाकला नव्हता, नंतरही नाही.

मी म्हणालो, पन्नासची घे.

डोळ्याला डोळा भिडवून म्हणालो. वर भाषण दिलं — झूम माणसाला आळशी करते, खरा फोटोग्राफर पायांनी झूम करतो, असलं बरंच काही. आणि मग म्हणालो, ती किट लेन्स इथं ठेवून जा. दोन्ही जवळ असल्या तर तू सोप्याकडं पळशील. त्यानं तिथल्या तिथं लेन्स फिरवून काढली, टोपण लावलं, रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. मी कपाटात ठेवली. वर्षभर वापर पन्नासची, म्हणालो, मग बघू.

हीच ती गोष्ट असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही पुष्कळदा वाटतं की इथंच थांबावं. एका चुकीच्या सल्ल्याचं ओझं माणूस वाहू शकतो. पण ही गोष्ट इथं संपत नाही.

दशरथची चुलतबहीण वैशाली, तिचं लग्न ठरलं. दशरथचं एकट्यानं करायचं पहिलं काम, तेही घरचंच. वैशालीचे वडील — तात्या म्हणायचे त्यांना — अर्धांगवायूनं दोन वर्षं खाटेवर होते. उजवी बाजू गेलेली, बोलणंही गेलेलं. मांडवात त्यांना नेणं शक्य नव्हतं. म्हणून घरच्यांनी ठरवलं होतं की पहिली हळद तात्याच लावतील, खाटेवरूनच, डाव्या हातानं. मुलगी खाटेशेजारी पाटावर बसेल. मग बाकीच्यांची हळद अंगणात.

हळदीच्या दिवशी सकाळी दशरथचा फोन आला. “अण्णा, खोली लई बारकी हाय. आठ बाय धा, त्येच्यात खाट आन् कपाट. किट लेन्स घिऊन जाऊ का येऊन?”

ऐकताय ना? त्यानं ओळखलं होतं. त्याला फक्त माझी परवानगी हवी होती. माझ्या डोळ्यांसमोर ती खोली त्यानं न दाखवताही आली — अशा शंभर खोल्यांत मी हळदी काढल्या आहेत. खाटेपासून समोरच्या भिंतीपर्यंत चार-साडेचार फूट. तेवढ्यात पन्नासच्या लेन्समध्ये एक चेहरा येतो. दोन येत नाहीत. मी स्टुडिओच्या खुर्चीत बसलो होतो आणि किट लेन्सचं कपाट माझ्या हाताच्या अंतरावर होतं.

मी म्हणालो, काही गरज नाही, पाय वापर. आणि मोबाईलवाल्यांना आधी खोलीबाहेर काढ, नाहीतर तुझ्या फोटोत दहा हात येतील.

हे दुसरं तर मी सगळ्यांनाच सांगतो, आमच्या धंद्यात सगळेच करतात. पण त्या दिवशी ते सांगताना मला नेमकं माहीत होतं की मोबाईलमध्ये दोघं सहज मावली असती, आणि आता तसा फोटो कुणाकडंच उरणार नाही.

त्यानं माझं ऐकलं. घरचीच माणसं, त्यांनी त्याचं ऐकलं, सगळे मोबाईल घेऊन बाहेर गेले. खोलीत तात्या, वैशाली, तिची आई आणि दशरथ. तात्यांनी डावा हात वाटीत बुडवला. हात थरथरत होता, तरी मुलीच्या गालापर्यंत पोचला. दशरथ समोरच्या भिंतीला पाठ लावून उभा. तात्यांचा चेहरा घेतला तर वैशाली बाहेर, वैशाली घेतली तर तात्या बाहेर. दारात गेला तर वैशालीची पाठ आडवी आली. कपाटावर चढायला गेला तर वर जागा नव्हती. तीनदा तात्यांनी हात उचलला. चौथ्यांदा त्यांना तो उचलता आला नाही.

हे सगळं त्यानंच मला सांगितलं. चार दिवसांनी, दुपारच्या वेळी, दशरथ ते फोटो घेऊन आला. घरात बोलणी बसली होती. काकू म्हणाली होती, “बाप-लेकीचा एक फोटो न्हाय काढाय आला व्हय रं तुला?” तो माझ्या समोरच्या स्टुलावर बसला आणि विचारलं, “अण्णा, खरं सांगा. लेन्स चुकली का मी चुकलो?”

मी फोटो माझ्या कॉम्प्युटरवर घेऊन बघितले.

आता हे मला सांगायलाच हवं. ते फोटो फार चांगले होते. एकात फक्त तात्यांचा हात आणि वैशालीचा गाल, बोटांना लागलेली हळद आणि तिच्या मिटलेल्या पापणीवर आलेलं पाणी. एकात तात्यांचा चेहरा, तोंड वाकडं झालेलं, पण डोळे — तसे डोळे मला आयुष्यात कधी टिपता आलेले नाहीत. त्या नालायक लेन्सनं, त्या कोंडलेल्या खोलीत, त्यानं हे काढलं होतं. मी एकेक फोटो पुढं सरकवत होतो, खोट शोधत.

तात्या अजून होते, हेही ऐका. किट लेन्स कपाटात होती. हे फोटो उत्तम आहेत, लेन्स मी चुकीची सांगितली, ही घेऊन जा आणि दोघांना पुन्हा शेजारी बसव — एवढं बोलायला किती वेळ लागला असता? वैशालीचं सासर शाहूवाडी तालुक्यात, एका दिवसात येऊन जाता आलं असतं.

मी म्हणालो, लेन्स काय करणार दशरथ? नजर असावी लागते. ती सगळ्यांना नसते.

त्यानं वाद घातला नाही. घातला असता तर मला बरं वाटलं असतं का? काय माहीत. “मला बी तसंच वाटलंतं,” म्हणाला. उठला. फोटो माझ्या कॉम्प्युटरवरच राहिले, ते मागायलाही तो परत आला नाही. त्या महिन्यात त्यानं कॅमेरा विकला. सुट्टीच्या दिवशी आता तो फौंड्रीत जादा पाळी करतो. माझ्याविषयी कुणाजवळ वाकडा शब्द नाही, उलट लग्नाचं काम असलं की गावातल्या माणसांना माझ्याकडं पाठवतो. त्याच्या या चांगुलपणाचाही मला राग येतो. इतकी वर्षं झाली तरी येतो.

तात्या पावसाळ्यानंतर गेले.

वर्षश्राद्धाच्या आधी वैशाली स्टुडिओत आली. तिला आणलं दशरथनंच. तिच्या हातात दशरथनं तेव्हाच घरी दिलेल्या दोन प्रिंट होत्या — एकीत तात्या, एकीत ती. दादाला एकत्र नाही जमलं, म्हणाली, तुम्ही कॉम्प्युटरवर जोडून द्याल का? भिंतीला लावायचाय. दशरथ मागं उभा होता.

मी जोडून दिला. कडेनं कापला, उजेड सारखा केला, खाटेची चादर ओढून मधली फट बुजवली. दोन तासांचं काम, सफाईनं केलं. कुणाला कळणार नाही असं. वैशालीनं फोटो बघितला आणि माझ्या टेबलावर डोकं ठेवून रडली. दशरथनं तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, “बघ वैशू, ह्येला म्हनत्यात फोटोग्राफर.”

मी फ्रेम करून दिली, ती घेऊन दोघं गेली. तो फोटो आज तिच्या घरात भिंतीवर आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकानं दाखवते असं ऐकतो. त्यातला प्रत्येक डोळा, प्रत्येक बोट दशरथनं टिपलेलं आहे. खाली उजव्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत नाव माझं आहे. ते घालायला मला कुणी सांगितलं नव्हतं.