हिरवं पाणी आणि आमचं डिपार्टमेंट

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही, ते साचतात. दारव्ह्याच्या आमच्या कॉलेजात इतिहासवाल्यांचे किस्से निघाले की अख्खी स्टाफरूम हसते. बॉटनीचे निघाले की आम्ही तिघं चहाच्या कपात बघत बसतो! तिघं म्हणजे विभागप्रमुख गावंडे मॅडम, राठोड सर आणि मी. आमचं काम, जवळच्या तलावातल्या शेवाळाचा अभ्यास.

*

राठोड सरांनी एकदा दुपारच्या प्रॅक्टिकलला तलावातलं हिरवं पाणी बरणीत आणलं. सकाळपासून ऊन खाल्लेलं ते शेवाळ बघता बघता तळाशी बसलं.

"मेलं!" सरांनी जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत वर जाड हिरवी साय! मागच्या बाकावरची पोरगी ओरडली, "सर, तुमचा मुडदा उठून बसला!"

सरांनी मग पुस्तक काढलं. या शेवाळाच्या पेशीत हवेच्या बारीक पोकळ्या असतात. दिवसा उन्हात साखर बनवून ते जड होतं आणि बुडतं, रात्रभरात ती साखर संपवून हलकं होतं आणि वर येतं. सरांनी वर्गात हे सगळं नीट समजावलं. पण पोरं अजूनही वर्गात वाकून विचारतात, "सर, आज जिवंत हाय का मेलेलं?"

*

मग तलाव स्वच्छता मोहीम. बॅनर, टोप्या, बादल्या. सकाळभर राबून काठाचा एक कोपरासुद्धा साफ झाला नाही. जेवणं झाली, वारा फिरला आणि शेवाळाचा अख्खा थर सरकत पलीकडे निघून गेला. आमचा काठ आरशासारखा!

प्राचार्य भाषणात म्हणाले, "हा विज्ञानाचा विजय!" टाळ्या वाजल्या. वारा फिरला हे आम्हा तिघांना दिसलं होतं. आम्हीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गावच्या सरपंचांचा मॅडमना फोन. "मॅडम, तुमचा विजय आमच्या काठाले येऊन लागला. घेऊन जाता का?"

*

पुढचा माझा. ग्रामपंचायतीने उपाय विचारला. मी ऐटीत सांगितलं, "पाणी हलतं ठेवा. शेवाळाला वर येऊन बसू देऊ नका."

तळापासून हलवायचं, हे सांगायचं राहिलं. त्यांनी कारंजं बसवलं, लाल-निळ्या लाइटवालं. खालचं पाणी जागच्या जागी. कारंज्याने वरची हिरवी सायच तेवढी उचलली आणि उद्घाटनाला आलेल्या पांढऱ्याशुभ्र कुडत्यांवर उडवली.

उपसरपंच चेहरा पुसत म्हणाले, "सर, होळीले अजून टाइम हाय ना?"

*

वर्गात मॅडमनी सांगितलं होतं, की एका जातीचं शेवाळ पौष्टिक असतं, त्याच्या गोळ्या मिळतात. आठवड्याने एक पोरगा डबा घेऊन आला. "मॅडम, तळ्याचं शेवाळ आईनं वाळवून ठेवलं. रोज किती खायचं?"

मॅडम गाडी काढून स्वतः त्याच्या घरी गेल्या आणि सगळं फेकून आल्या. गोळ्यांचं शेवाळ वेगळं, आमच्या तळ्यातलं विषारी असू शकतं.

*

आणि हा एक, जो आम्ही स्टाफरूममध्ये सांगत नाही.

ग्रामसभेत मॅडमनी सांगितलं होतं, "पाणी तपासलं, धोका नाही." नमुने आम्ही होडीतून, तलावाच्या मधून घेतले होते. वाऱ्याने लोटलेलं शेवाळ आणि त्याचं विष साचायचं काठाला. गुरं-शेळ्या काठालाच पाणी पितात.

तलावाकाठी राहणाऱ्या बेबीताईची गाभण शेळी ते पाणी पिऊन मेली. माफी मागायला आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. तिने खाट टाकली. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली ताजी फुलं.

"मॅडम, तुम्ही सांगतलं म्हणून मी तिले रोज तिकडंच नेत होती," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. मग आत गेली आणि तीन ग्लास पाणी घेऊन आली.

आम्ही ग्लास घेतले. राठोड सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मॅडमकडे. मॅडमनी ग्लास थोडा उजेडाकडे धरला. कोणीच तोंडाला लावला नाही.

बेबीताईचा चेहरा उतरला. दारात बसलेला तिचा म्हातारा सासरा मान न वळवता म्हणाला, "राहू दे पोरी. ज्याले आपल्या घरचं पाणी चालत नाही, त्याले आग्रह कायले करतं?"

"नाही हो बाबा, तसं नाही!" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "तसं नाही, ते…" त्यांनी डोळे मिटले आणि अख्खा ग्लास एका दमात घशाखाली उतरवला. आम्हीही.

बेबीताई रिकामे ग्लास उचलत म्हणाली, "बोअरचं हाय मॅडम. तळ्याचं कसं देईन तुमाले?"