बेल्मीरोची गोगलगाय

नोटीस कॉफीच्या टपरीच्या दारावर चिकटवली होती. बेल्मीरो क्वारेज्माने ती दोनदा वाचली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौकातली दगडी फरसबंदी धोकादायक असून तिच्यामुळे एका वृद्ध महिलेस अपघात झाला आहे, सबब ती काढून काँक्रीट करण्यात येईल, सोमवारी अधिकारी पाहणीस येतील. दगडामुळे म्हणे! त्या दगडाचा गुन्हा काय, हे विचारायची तसदी एकाही शहाण्याने घेतली नव्हती.

चौकाचा दगडन् दगड बेल्मीरोने बसवलेला. एकतीस वर्षांपूर्वी, बुटक्या लाकडी स्टुलावर बूड टेकून, डाव्या तळव्यात दगड आणि उजव्या हातात हातोडी घेऊन. दोन-तीन ठोक्यांत दगडाला हवा तो आकार यायचा. रुंद तोंड वर, निमुळतं शेपूट खाली वाळूत, आणि दोन दगडांत नख जेमतेम शिरेल एवढीच फट. पांढऱ्या चुनखडीत काळ्या लाटा फिरवायला त्याला अख्खं वर्ष लागलं. सोबतचे कारागीर या संथपणावरून त्याला गोगलगाय म्हणायचे. लिस्बनचा प्रत्येक कारागीर कामात कुठेतरी आपली खूण लपवतो, तशी त्याने एका कोपऱ्यात सात काळ्या दगडांची इवलीशी गोगलगाय बसवली. चिडवणारे तिच्यावरून रोज चालत गेले, एकालाही दिसली नाही. ही गोष्ट सांगताना तो आजही पोट धरून हसायचा.

मग मार्च महिन्यात गॅसची नळी टाकायला माणसं आली. मशिनने नेमका तोच कोपरा फोडला, नळी पुरली आणि वर सिमेंट ओतून त्यात दगड कोंबले, कुठला उलटा, कुठला आडवा. दोन दिवसांत काम उरकून हात झटकून गेली. आठवड्याभरात सिमेंटला तडे गेले आणि दगडांच्या कडा वर आल्या.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एर्मेलिंडाबाई राहतात, वय एक्याऐंशी. त्या तेव्हाच बेल्मीरोकडे गेल्या होत्या. तासाभराचं काम आहे, हातोडी घेऊन ये, म्हणाल्या. बेल्मीरो तारली मासे भाजत होता. त्याने साफ नकार दिला. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, ही या धंद्याची रीत. ज्यांनी नासवलं ते निस्तरतील, मी त्यांचा उकिरडा उपसणार नाही, असं त्याने बाईंना ठणकावलं. नगरपालिकेला तीन तक्रारी मात्र लिहिल्या, तिन्ही कडक. शिवाय त्या कोपऱ्याकडे पाहिलं की अंगाचा तिळपापड होतो म्हणून तो लांबच्या गल्लीतून ये-जा करू लागला.

तक्रारींना उत्तर आलं नाही. ऑगस्टमध्ये एर्मेलिंडाबाई त्याच कोपऱ्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. आणि आता नोव्हेंबरात ही नोटीस.

शनिवारी सकाळी बेल्मीरो स्टूल, हातोडी, छिन्नी, वाळूचं पोतं आणि दगड ठोकून बसवायची धुमस घेऊन चौकात आला. टपरीवाला झेफरीनो कॉफीचा कप पुसत विचारता झाला, "परवानगी आहे का रे?"

"त्यांनी फोडताना माझी घेतली होती?"

झेफरीनो कप घेऊन आत गेला.

सिमेंट फोडायला दुपार झाली. फोडता फोडता बेल्मीरो मोठमोठ्याने बोलत होता. ही माणसं म्हणे कारागीर, यांना भाकरीवर लोणी लावता येणार नाही. त्यांनी नासवायचं, आणि शिक्षा माझ्या दगडाला! येणारे-जाणारे माना डोलवत होते. मग सिमेंटच्या ढेपेतून एक काळा दगड निघाला, त्याच्यामागे दुसरा. गोगलगायीचे सातही दगड निघाले, एक मशिनने अर्धा कापलेला. त्याने ते धुऊन शेजारी मांडले. नीट बसवून ठेवू, साहेब लोकांना सोमवारी दाखवू, असं त्याने मनाशी ठरवलं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा एर्मेलिंडाबाई काठी टेकत खाली आल्या. झेफरीनोने खुर्ची दिली, ती त्यांनी घेतली नाही. त्या उभ्याच राहिल्या.

"बाई, बघा," बेल्मीरो म्हणाला, "दगडाचा काही दोष होता का? सिमेंट, सगळं सिमेंट. सांगा त्या साहेबाला."

"सांगेन. दवाखान्यातसुद्धा सांगितलं होतं, सिमेंटात पाय अडकला म्हणून. तिथल्या पोराने लिहून घेतलं, दगड."

"हरामखोर!"

"हो, आहेतच. सोमवारी ओरडून सांगेन, चौकाला हात लावू देणार नाही." बाईंनी काठीने खड्डा दाखवला. "सकाळपासून वरून बघते आहे. एकच दिवस लागला तुला."

"एवढाही लागला नसता, पण सिमेंट फार घट्ट—"

"मार्चमध्ये तुझ्या दारात आले होते, बेल्मीरो."

बेल्मीरोने हातातली हातोडी खाली ठेवली.  त्या हळूहळू दाराकडे वळल्या, दर पावलाला आधी काठी, मग चांगला पाय, मग दुसरा ओढत.

बेल्मीरोने उरलेला खड्डा अंधार पडायच्या आत भरला. वाळू पसरली, पाणी शिंपडलं, धुमस मारली. त्या गॅसवाल्यांवरचा आणि नगरपालिकेवरचा त्याचा राग तसूभरही कमी झाला नव्हता. फक्त तो आता तोंडाने काही बोलत नव्हता.

कोपरा एकसारखा झाला. गोगलगायीच्या जागेशी येऊन त्याने एकदा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीकडे पाहिलं, मग तिथे साधे पांढरे दगड बसवले आणि सात काळे खिशात घालून तो घरी गेला.